कोरा चहा

आमच्या हॉस्पिटलात भर दिवसा रिकाम्या खाटेवर कुणी पांघरूण घेऊन पडलेलं दिसलं, तर दोनच शक्यता असत. एक तर एखादा वॉर्डबॉय डुलकी काढत असायचा, नाहीतर सिस्टर 'पेशंट झालेल्या' असायच्या. वॉर्डबॉय असला तर नुसतं खाकरलं की उठून पळायचा. सिस्टर असल्या तर डोळेही न उघडता म्हणायच्या, "थांबा जरा. हा पंखा किती वेळाने डोक्यात जायला लागतो ते बघतेय."

'पेशंट होणं' हा त्यांचा नेम होता. वॉर्डातली कुठलीही तक्रार आली की आधी त्या खाटेवर जाऊन आडव्या व्हायच्या, बाकीचं मग. पेशंट बेल वाजवत नाहीत, नुसते ओरडून हाका मारतात, अशी एकदा तक्रार झाली. ऑफिस नव्या, भारीतल्या बेल मागवायला निघालं होतं. सिस्टर तासभर पडून आल्या आणि म्हणाल्या, बेल चांगली आहे, पण ती खाटेच्या मागे लोंबतेय. तिथवर हात पोचायला माणूस धडधाकट पाहिजे, आणि धडधाकट माणूस इथं कशाला येईल? मग त्यांनी एकेक बेल बँडेजच्या पट्टीने खाटेच्या कठड्याला बांधून टाकली. दिसायला ते अगदीच ध्यान दिसायचं, पण हाका थांबल्या. त्याच मुक्कामात त्यांना आणखी एक शोध लागला. नर्सेस टेबलाशी बसून ज्या गप्पा मारतात, त्या जवळच्या खाटांना शब्दन् शब्द ऐकू जातात. हा शोध जाहीर झाल्यावर वॉर्डात काही दिवस फार शांतता होती.

मी त्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरचा कोऑर्डिनेटर. पद ऐकायला भारदस्त आहे. काम असं, की सकाळी कुणाचं ऑपरेशन कितव्या नंबरला ते लावायचं आणि मग दिवसभर ते लावलेलं मोडताना बघायचं. एका अंगाला गोवा हायवे, दुसऱ्या अंगाला न्हावा शेव्याकडे धावणारे कंटेनर, त्यामुळे पनवेलात मोडलेल्या हाडांना तोटा नाही. माझं टेबल तळमजल्यावर, थिएटरच्या दाराशी. वॉर्ड वरच्या मजल्यावर. मी वर सहसा जात नसे. फोन हॉस्पिटलचा होता आणि गुडघे माझे होते.

सिस्टर पेशाने नर्सच, पण बरीच वर्षं नोकरी केल्यावर पुन्हा कॉलेजात जाऊन वरचं शिक्षण घेऊन आलेल्या. बिल्ल्यावर 'नर्स प्रॅक्टिशनर' असं लिहिलेलं. आमच्याकडे हा प्रकार नवा होता. त्या पेशंट तपासायच्या, आयसीयूत डॉक्टरांच्या बरोबरीने निर्णय घ्यायच्या, आणि शिवाय मॅनेजमेंटने हॉस्पिटलची 'क्वालिटी' त्यांच्या गळ्यात घातली होती. तोवर आमच्याकडे क्वालिटी म्हणजे तपासणीला माणसं येणार असली की आठवडाभर आधी भिंतींना रंग आणि कुंड्यांना पाणी. कामोठ्याहून आलेल्या एका काकांना मात्र चैन पडेना. तुम्ही डॉक्टर की नर्स, हे त्यांनी फिरून फिरून विचारलं. शेवटी सिस्टरनी विचारलं, "काका, तुम्ही सासरे की आजोबा?" काका म्हणाले, दोन्ही. "झालं तर मग," म्हणत सिस्टरनी त्यांची नाडी धरली.

माहेर त्यांचं उरणच्या बाजूच्या आगरी गावातलं. ऑफिसात बोलताना शुद्ध मराठी, त्यात लागेल तेवढं इंग्रजी. गावाकडची एखादी आजी समोर आली की लगेच, "मी हाय ना हितं, घाबरायचं काय नाय." रागावल्या की मात्र ऑफिसातसुद्धा आगरीच. त्यामुळे राग किती खरा आहे ते आम्हाला लांबून, शब्द न कळताही कळायचं.

त्यांना पाट्यांचा भयंकर तिटकारा. जिथं पाटी लावावी लागते तिथं मांडणी चुकलेली असते, असं त्यांचं म्हणणं. आयसीयूच्या बाहेर 'येथे चपला काढू नयेत' अशी ठळक पाटी होती आणि तिच्या बरोब्बर खाली चपलांचा ढीग. सिक्युरिटीवाला दिवसभर त्या पाटीकडे बोट दाखवून लोकांवर खेकसायचा. सिस्टर आल्या तशी त्यांनी पाटी उतरवली आणि कोपऱ्यातला रॅक उचलून तिथंच आणून ठेवला. लोकांना इथंच काढायच्यात ना, मग काढू द्या. सिक्युरिटीवाल्याला त्यानंतर बरेच दिवस चुकल्याचुकल्यासारखं होत होतं.

आणि त्यांचं ते वाक्य. काहीही बिघडलं, औषध उशिरा दिलं गेलं, रिपोर्ट दुसऱ्याच फाइलला लागला, की मीटिंग बोलावली जायची आणि जो तो दुसऱ्याकडे बोट करायचा. सिस्टर हात वर करून म्हणायच्या, "कोणी ते नको. कुठे ते सांगा." नेमकं घोडं कुठं पेंड खातं तेवढं सापडलं की त्या खूष. घोडेस्वाराशी त्यांना कर्तव्य नसे. हे वाक्य मला इतकं आवडलं की घरी दूध उतू गेलं तेव्हा मी ते बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, कुठे ते ओट्यावर दिसतंय, पुसणार कोण तेवढं सांग.

त्यांचं सगळंच जमायचं असं मुळीच नाही. औषधं वाटताना नर्सला कुणी मध्येच बोलायला लावलं की चुका होतात, म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. औषधं वाटणारीने लाल एप्रन घालायचा, म्हणजे लोकांना कळेल की हिला आत्ता काही विचारायचं नाही. झालं उलटंच. बाकीच्या सगळ्या पांढऱ्यात आणि ही एकटी लाल, म्हणजे हीच सगळ्यांत मोठी सिस्टर, अशी नातेवाइकांची खात्री पटली. जो उठला तो लाल एप्रनकडे. बिल कधी होणार, लिफ्ट का बंद आहे, इथं पार्किंग कुठं, सगळं तिलाच. ती बिचारी रडायच्या बेताला आली आणि सिस्टर मात्र भिंतीला टेकून पोट धरून हसत होत्या. दुसऱ्या दिवसापासून एप्रन गेले आणि औषधांची वेळ भेटायला येणाऱ्यांच्या वेळेपासून लांब सरकली. आपली युक्ती फसली म्हणून इतकं मनापासून हसणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

आता त्यांच्या खाण्याविषयी सांगायला हवं. सिस्टर जेवायला बसल्या की बघत राहावं. डबा मोठा थोरला, त्यात तांदळाची भाकरी, सुकट, वालाचं बिरडं, वर भात, आणि शिवाय इतरांनी काय आणलंय याची आस्थेवाईक चौकशी. थंडीत त्या आम्हा सगळ्यांना शेतावर मडक्यात भाजलेली पोपटी खायला न्यायच्या. मडकं उघडलं की आधी विचारायच्या, कुठलं कच्चं राहिलं? मग पुढचं मडकं लावताना वालाच्या शेंगा वर आणि अंडी खाली, अशी फिरवाफिरव. अन्नाविषयी त्यांना खरा आदर होता, आणि तो त्यांच्या अंगावर दिसायचाही.

म्हणून एकदा सकाळी त्या माझ्या टेबलाशी आल्या असताना मी गरम बटाटेवडा पुढे केला आणि त्या नको म्हणाल्या, तेव्हा मला वाटलं, तब्येत बिघडली. त्यांनी विचारलं, "तुमचा पाच नंबर आत गेला का?" मी म्हटलं, अजून नाही, तीनच चाललाय. "मग नको," म्हणाल्या आणि वर निघून गेल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तेव्हा मी त्यांना सोडलंच नाही. खूप आढेवेढे घेऊन त्यांनी सांगितलं, की ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्यांपैकी ज्याचा नंबर सगळ्यांत शेवटी, त्याच्याबरोबर त्याही उपाशी राहतात. तो आत गेला की जेवतात. पेशंटला पत्ता लागू देत नाहीत.

मी म्हटलं, हा सत्याग्रह झाला. तर म्हणाल्या, सत्याग्रह लोकांना दिसावा म्हणून करतात, मी तर तुम्हालाही सांगणार नव्हते. मग कशाला करता? तर म्हणाल्या, दुपारी एकनंतर डोकं कसं चालेनासं होतं ते मला पुस्तकातून नीट कळलं नव्हतं.

खाणाऱ्या माणसाची भूक फार वाईट. बारापासून त्यांचे फोन सुरू व्हायचे. दोनच्या सुमारास त्या स्वतः खाली यायच्या आणि माझ्या टेबलासमोर नुसत्या उभ्या राहायच्या. बोलायच्या काही नाहीत. मी आपला कागदात डोकं खुपसून बसायचो. पुढे पुढे तर मी म्हाताऱ्याकोताऱ्यांचे आणि लहान मुलांचे नंबर आपण होऊन आधी लावायला लागलो. त्यात माझी माणुसकी किती आणि सिस्टरच्या नजरेची भीती किती, ते विचारू नका.

आमच्याकडे, आणि आमच्याकडेच काय सगळीकडेच, जुना दंडक असा की रात्री बारानंतर पाण्याचा थेंब नाही. पहिल्या नंबरला त्याचं काही नाही. पण ज्याचा नंबर दुपारी चारला लागायचा तो घसा कोरडा करून तोवर पडून. म्हातारी माणसं भ्रमात गेल्यासारखी बडबडायला लागायची. आता नवं शास्त्र सांगतं, की जेवण आणि दूध बऱ्याच तासांपूर्वी बंद, पण साधं पाणी दोन तास आधीपर्यंत खुशाल द्यावं. सिस्टरना तेवढंच हवं होतं. अडत होतं ते आमच्या भूलतज्ज्ञ डॉक्टरांपाशी.

हे डॉक्टर स्वभावाने देवमाणूस. कुणावर आवाज चढवलेला मी ऐकला नाही. पण तरुणपणी त्यांच्या टेबलावर एका पेशंटला भूल चढताना उलटी झाली होती, ती फुप्फुसात गेली, आणि तो माणूस कसाबसा वाचला. तेव्हापासून पाणी हा शब्द काढला तरी त्यांचा चेहरा बदलायचा. सिस्टरनी त्यांची कधी थट्टा केली नाही. त्या एवढंच म्हणाल्या, की एकच पेशंट, एकच दिवस, करून बघू. नाही पटलं तर उद्या बंद. ही त्यांची नेहमीची पद्धत होती. एकावर जमलं की दोघांवर, मग चौघांवर. डॉक्टरांनी महिनाभर रोज स्वतः वर जाऊन खात्री करून घेतली आणि मग सगळ्यांसाठी हो म्हटलं. अट एकच, एक जरी चूक झाली तरी पुन्हा रात्री बारा.

सिस्टरनी मग पेशंटच्या घरच्यांसाठी सूचनांचा कागद तयार केला. परदेशातल्या मोठमोठ्या हॉस्पिटलांत जे चालतं त्यावरूनच केला होता. 'ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत पाणी किंवा कोरा चहा चालेल. दूध नको.' डॉक्टरांनी वाचला, मॅनेजरनी वाचला, मी वाचला. आम्ही सगळे चहाबाज, पण कुणाच्या डोक्यात काही आलं नाही.

आणि मग नानी आल्या. नानी म्हणजे जुन्या पनवेलच्या मोहल्ल्यातल्या एक कोकणी मुसलमान आजीबाई. मुलगा गल्फमध्ये, जवळ सून. घरात घसरून खुब्याचं हाड मोडलेलं. अशा वयात खुबा मोडला आणि ऑपरेशन झालं नाही, तर माणूस खाटेला खिळतो, आणि मग पाठीला जखमा, छातीत कफ असं करत हळूहळू संपतो. हे सिस्टरना माहीत होतं आणि त्यांनी सुनेलाही स्पष्ट सांगितलं होतं. नानींना मात्र एकच सांगायचं होतं. मला माझ्या चुलीपाशी उभं राहता आलं पाहिजे, बाकी तुमचं काय ते बघा. घरात गॅस येऊन जमाना झाला होता, पण त्या चूलच म्हणायच्या.

पहिल्या दिवशी त्यांच्या मापाचा कृत्रिम सांधा वेळेत आला नाही. मी वर फोन करून ऑपरेशन रद्द झाल्याचं कळवलं, फोन कुणीतरी घेतला, आणि पुढे ते सांगायचं राहून गेलं. नंतर एक दिवस सोडून पुन्हा नंबर लावला. त्या सकाळी डॉक्टर तपासायला गेले आणि नेहमीप्रमाणे विचारलं, सकाळपासून काय घेतलं? नानी म्हणाल्या, चहा. कोरा ना? यावर नानी सुनेकडे बघायला लागल्या आणि सून जमिनीकडे. थर्मास उघडला तर आत छान दुधाचा चहा. ऑपरेशन पुन्हा रद्द.

दुपारी मीटिंग भरली. डॉक्टर रागावले नव्हते, पण मला नकोच होतं हे, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मॅनेजरना सुनेकडून लेखी हवं होतं, की सूचना देऊनही त्यांनी पाळली नाही. सिस्टरनी नेहमीसारखा हात वर केला, पण वाक्य पुरं केलं नाही. म्हणाल्या, तिला आत बोलवा, पण ओरडायला नाही. मला फक्त विचारायचंय.

सून आली, भेदरलेली. सिस्टरनी तिला खुर्ची दिली आणि विचारलं, की दूध नको हे वाचलं होतंस ना? ती म्हणाली, वाचलं होतं.

"मग?"

"सिस्टर, कोरा चहा आमच्याकडे मय्यतच्या घरी देतात. अम्मी ऑपरेशनला निघाल्या होत्या. त्यांच्या हातात मी तो कप कसा देऊ?"

सिस्टरनी कपाळावर हात मारून घेतला आणि आगरी सुरू झाली. "आमच्यात पन मयताला कोराच च्या असतो. आन माज्या डोक्यात आला नाय. एवरी शिकली मी, आन डोक्यात आला नाय." राग होता, खराखुरा होता, पण पहिल्यांदाच तो स्वतःवर होता. मला खरंच वाईट वाटलं. पण पाच मिनिटांत त्या सावरल्या आणि म्हणाल्या, सापडलं. चूक कागदावर आहे, चहा काढून टाका.

मग चहाऐवजी काय, यावर खल सुरू झाला. ज्यात दूध घालायचं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही आणि ज्याला अपशकुन चिकटलेला नाही, असं काहीतरी हवं होतं. मी म्हटलं, कोकम सरबत. आपण कोकणच्या दारात बसलोय, यापेक्षा चांगलं काय? डॉक्टर म्हणाले, आणि उलटी झाली तर लालभडक दिसेल, मला रक्त वाटेल, आणि पेशंटच्या आधी मी आडवा होईन. सगळे हसले, डॉक्टरही हसले, आणि त्या हसण्यात मीटिंगमधली हवा बदलली. शेवटी खडीसाखरेच्या पाण्यावर एकमत झालं, आणि साखरेचा आजार असेल त्याला साधं पाणी. डॉक्टर उठता उठता सिस्टरना म्हणाले, "एकच पेशंट, एकच दिवस." त्यांच्या तोंडी ते वाक्य ऐकून मला बरं वाटलं.

पण तो एक पेशंट नानी, आणि नानी आता ऐकायला तयार नव्हत्या. मला घरी न्या, एवढंच त्यांचं चाललं होतं. सुनेने पिशवी भरायला घेतली होती. सिस्टर खाली आल्या आणि मला म्हणाल्या, चला वर, पहिल्या वेळी रद्दचा निरोप ज्याच्या टेबलावरून गेला त्याचं तोंड त्यांना बघू दे. मी गुडघ्यांचं कारण सांगून पाहिलं. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

नानी छताकडे बघत पडल्या होत्या. सिस्टरनी त्यांना समजावलं, की आता उपास तसा जड जाणार नाही, पाणी मिळेल, साखरेचं पाणी मिळेल. नानींनी मान वळवून त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"बेटा, भुकेचं मला नको सांगू. मी फ्रॉक घालायची तेव्हापासून रोजे ठेवते. वैशाखातले ठेवलेत. रोजा कधी सुटणार ते माहीत असतं, म्हणून ठेवता येतो. तुमच्याकडे ते कुणी सांगतच नाही. त्या दिवशी जेवणाची गाडी माझ्यापुढे आली, तेव्हा मला कळलं की आज काही होत नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि तू का ठेवलायस? तुझे ओठ बघ. रोजेदाराचे ओठ मला कळत नाहीत का?"

सिस्टर इतक्या वर्षांत पेशंटकडून पहिल्यांदाच पकडल्या गेल्या होत्या. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. मग खाटेच्या कडेला बसून नानींचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, ऑपरेशन अमुक वाजता होईल असं वचन मी देऊ शकत नाही, ते माझ्या हातात नाही. पण काय चाललंय, किती उशीर आहे, ते दर वेळी तुम्हाला समोर येऊन सांगितलं जाईल. हे येतील सांगायला. असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मला कुणी विचारलं नव्हतं.

नानींनी मला आपादमस्तक न्याहाळलं. फारसं पसंत पडलो असं दिसलं नाही. पण सुनेला म्हणाल्या, उद्याचा दिवस बघू, उद्या असंच झालं तर घरी. जिन्यात मी सिस्टरशी वाद घातला, की फोनवरून सांगतो ना मी, मला एवढे जिने झेपतील का? त्या म्हणाल्या, तुमचा फोन टेबलापाशी येतो, नानी खाटेवर आहेत. मी पुढे बोललो नाही, कारण त्या भुकेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेलो आणि नानींना सांगितलं, दुसरा नंबर आहे, दहाच्या सुमारास नेऊ. त्यांनी मान हलवली. सुनेने खडीसाखरेचं पाणी पाजलं होतं, सिस्टर बाजूलाच होत्या. सगळं नीट चाललं होतं. खाली येऊन बसतो न बसतो तोच कर्नाळ्याच्या पुढे अपघात झाल्याचा फोन. जीप उलटलेली, दोन तरुण पोरं, दोघांनाही आत घ्यावं लागणार. मी पुन्हा वर गेलो, उशीर होईल म्हणालो, अकराला येऊन सांगतो म्हणालो. अकरा वाजता हाडांचे सर्जन दारातूनच म्हणाले, आज दुसरं काही होत नाही, बाकी सगळं उद्यावर टाका.

मी टेबलाशी उभा राहिलो. फोन हाताशी होता. खरं सांगतो, वर जायचं माझ्या जिवावर आलं होतं. तिसऱ्यांदा त्या बाईंना नाही म्हणायचं, ती पिशवी भरून ठेवलेली, खाली रिक्षा मिळायला वेळ लागत नाही, आणि एकदा घरी गेल्या की त्या परत येणार नाहीत हे मला स्वच्छ दिसत होतं. सिस्टर जिन्याच्या तोंडाशी आल्या होत्या. त्यांना कळलंच होतं. मला वाटलं, त्या म्हणतील मी सांगते. त्या बाजूला झाल्या आणि मला वाट दिली.

पिशवी खाटेवर, नानींच्या पायाशी ठेवलेली होती. मी उभ्याउभ्याच बोललो.

"नानी, आज होणार नाही. अपघाताची दोन पोरं आलीत, त्यांना आत घेतलंय. उद्या पहिला नंबर तुमचा. उद्यापण काही झालं तर मीच येऊन सांगेन."

त्यांनी पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे पाहिलं. मग विचारलं, "पोरं वाचतील?"

मी म्हटलं, एक वाचेल, दुसऱ्याचं आत्ता सांगता येत नाही. त्यांनी डोळे मिटून ओठांत काहीतरी पुटपुटलं, चेहऱ्यावरून हात फिरवला. मग सुनेला म्हणाल्या, "पिशवी खाली ठेव. अकराच वाजलेत, जेवण गरम मिळेल. आमच्या दोघींचं मागव, माझं आणि सिस्टरचं."

सिस्टर जेवल्या. नानींच्या खाटेला स्टूल लावून, हॉस्पिटलची ती पातळ डाळ आणि भात, एक शीतही न टाकता जेवल्या. मध्येच एकदा त्यांनी डोळे पुसले आणि डाळीत तिखट जास्त झालंय म्हणाल्या. आमच्या डाळीत तिखट कधीच नसतं.

हल्ली सिस्टर पनवेलात नाहीत, खाली कोकणात एका हॉस्पिटलात गेल्या आहेत, आणि तिथल्या लोकांची मला कीव येते. आमच्याकडे अजूनही उशीर झाला की माझ्या टेबलावरून माणूस वर जातो, म्हणजे मीच जातो. गुडघ्यांची तक्रार मी आता बायकोकडे करतो.

नानी आणि सिस्टर जेवल्या त्याच्या पुढच्या सकाळी अपघात नव्हता, काही नव्हतं. थिएटर तयार झालं तसा मी वॉर्डबॉयला स्ट्रेचर घेऊन वर पाठवलं. बराच वेळ झाला तरी तो खाली येईना. फोन केला तर म्हणाला, साहेब, आजी उठतच नाहीत. मी धावतच वर गेलो. गुडघे वगैरे काही आठवलं नाही. स्ट्रेचर दाराशी उभं होतं, वॉर्डबॉय भिंतीला टेकलेला, सिस्टर हसू दाबून उभ्या. नानी उशीला टेकून दाराकडे डोळे लावून बसल्या होत्या. सांगायला येतो तो अजून आला नाही, आल्याशिवाय मी जाणार नाही, असं त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

मला धाप लागली होती. मी म्हटलं, "नानी, चला. आत्ता."